‘नोकरी लावा, शिस्त आपोआप येईल’ : हे खरं कुठवर?

शाळकरी मुलांच्या अर्धवेळ नोकरीबद्दलचं एक मत सध्या पालकांमध्ये फार फिरतंय. ते थोडक्यात असं: पंधरा-सोळाव्या वर्षी मुलाला कामाला लावा, शिस्त आपोआप येईल. जो वेळ मोबाइलमध्ये वाया जातो तोच कामात जाईल. परीक्षा आली की महिनाभर सुट्टी घेतली म्हणजे झालं. आणि उशीर, गैरहजेरी यांचे नियम काढून बसणाऱ्या शाळेनेच अशा कष्टाळू मुलांना सांभाळून घ्यावं.

मुलांनी काम करूच नये, असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण या सगळ्या मजकुरात आठवड्याचे तास किती, हे एकदाही येत नाही. सगळी मेख त्या तासांतच आहे.

आधी शिस्तीचं पाहू. कामावरची शिस्त बाहेरून लावलेली असते. उशीर झाला तर पगार कापला जातो, दोनदा खाडा झाला तर तिसऱ्यांदा बोलावणं येत नाही. वर्गात मागच्या बाकावर डुलकी लागली, तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडतं ते चार महिन्यांनी, उत्तरपत्रिकेत. दोन्हीकडून ओढ लागली की जिथे फटका लगेच बसतो तिकडे मूल आधी धावतं. मोठी माणसंही तेच करतात. म्हणून कामावर काटेकोर असणारं मूल शाळेतही तसंच वागेल, हे गृहीत धरता येत नाही.

यावर अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आठवड्याला 20 तासांहून जास्त काम करणाऱ्या शाळकरी मुलांचं शाळेतलं लक्ष उडत गेल्याचं आढळलं. इथे एक प्रामाणिक आक्षेप घेता येतो: मुळात अभ्यासात रस नसलेलीच मुलं जास्त तास काम घेत असतील. तेही त्या पाहणीत दिसलं. जास्त तासांकडे वळणारी मुलं आधीपासूनच शाळेपासून थोडी तुटलेली होती. पण कामाने ती आणखी तुटली, आणि ज्यांनी काम सोडलं त्यांची शाळेतली कामगिरी सुधारली. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नुकसान भरून निघू शकतं, पण वेळेत पाऊल मागे घेतलं तर.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. समाजशास्त्रज्ञ जेलन मॉर्टिमर यांनी मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरातल्या नववीच्या सुमारे 1000 मुलांचा 1988 पासून कित्येक वर्षं पाठपुरावा केला. आठवड्याला 20 तासांपर्यंतच, पण सातत्याने काम करणाऱ्या मुलांचं पुढच्या शिक्षणात बरं चाललं. म्हणजे कामाचा फायदा आहे, आणि तो मर्यादेतल्या कामाचा आहे. ‘कामाने शिस्त येते’ म्हणणाऱ्यांनी हा अर्धा भाग उचलला आणि मर्यादा मागे ठेवली.

मोबाइलचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. अमेरिकी शाळकरी मुलं दिवसाचा वेळ कशात घालवतात याच्या नोंदींवर 2012 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काम करणाऱ्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ खरोखरच कमी झालेला दिसला. पण त्यांचा गृहपाठाचा वेळही कमी झालेला दिसला. नोकरी फक्त निरुपयोगी तास निवडून खात नाही.

आता परीक्षेकडे येऊ, कारण ‘महिनाभर सुट्टी’ हा सल्ला मला त्या मजकुरातला सर्वांत घातक भाग वाटतो. त्यामागचा समज असा की अभ्यास म्हणजे शेवटी एकदम करायचं काम. पाठ केलेलं किती झपाट्याने विसरतं आणि अंतराअंतराने केलेली उजळणी जास्त का टिकते, हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 सालीच मांडलं होतं. 2006 साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. शेवटच्या महिन्यात धडाधड वाचणाऱ्या मुलाला ‘सगळं येतंय’ असं वाटतं ते त्या पहिल्या पाच मिनिटांमुळे. टिकतं ते वर्षभर थोडं थोडं, स्वतःला प्रश्न विचारत केलेलं. उजळणीच्या रोजच्या पाऊण तासावर शिफ्ट आली, तर महिनाभराच्या सुट्टीने तो परत मिळत नाही.

शिवाय ती सुट्टी मिळेलच, हे कशावरून? परीक्षेच्या तारखा कित्येक महिने आधी ठरतात. शिफ्टचं वेळापत्रक बऱ्याच ठिकाणी आठवडाभर आधी लागतं, आणि कुणी आजारी पडलं की त्याच सकाळी बदलतं. सगळ्यात नवखा आणि सगळ्यात लहान तोच असतो, ज्याला ‘आज जरा थांबशील का?’ असं विचारलं जातं. सोळा वर्षांच्या मुलाला मॅनेजरच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणं किती जड जातं, हे आठवून बघा.

झोपेचा हिशेब तर कुणीही कागदावर करू शकतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली सांगितलं. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे रात्री लवकर झोप येत नाही. काम दहाला सुटलं, घरी पोहोचून जेवण, आवराआवर, डोळा लागेपर्यंत बारा. सकाळी सहाला उठायचं. सहा तास. त्यामुळे संध्याकाळी उशिरापर्यंत चालणारे दोन तास आणि शनिवारी सकाळचे दोन तास हे सारखे नव्हेत, जरी पगाराच्या चिठ्ठीत ते सारखे दिसत असले तरी.

शाळेने सवलत द्यावी या मागणीत तर सगळा भार चुकीच्या खांद्यावर टाकला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1973 च्या किमान वयाच्या करारात तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांना हलकं काम चालतं, पण त्याने शाळेतली हजेरी बिघडता कामा नये आणि शिकवलेलं ग्रहण करायची क्षमताही घटता कामा नये, अशी अट आहे. अट कामावर आहे, शाळेवर नाही. आणि नुसता मुलगा बाकावर बसलेला असणं पुरेसं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. इंग्लंडमध्ये सक्तीच्या शिक्षणाच्या, म्हणजे साधारण सोळापर्यंतच्या, वयातल्या मुलांना शाळेच्या दिवशी जास्तीत जास्त 2 तास आणि सत्राच्या आठवड्यात एकूण 12 तास काम करता येतं, तेही सकाळी 7 ते संध्याकाळी 7 या वेळेतच. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी शाळेच्या दिवशी 3 तास आणि शाळा चालू असलेल्या आठवड्यात 18 तासांची मर्यादा आहे.

पण सोळावं वर्ष पूर्ण झालं की त्याच अमेरिकी कायद्यातली तासांची मर्यादा संपते. इंग्लंडमध्येही सक्तीच्या शिक्षणाचं वय ओलांडलं की 12 तासांचं बंधन जातं. ज्या वयात अभ्यास सर्वांत जड होतो, नेमकं तेव्हा कायदा हात काढून घेतो. ती जागा पालकांनी आणि शाळेने भरायची असते. वर्गशिक्षक उशिराची नोंद करतात, घरी कळवतात, तेव्हा ते मुलाच्या कष्टांचा अपमान करत नसतात. तास हाताबाहेर गेल्याची पहिली खूण बहुतेक वेळा त्या हजेरीपटावरच उमटते. ती खोडायला सांगणं म्हणजे आपल्यालाच मिळणारी सूचना बंद करणं.

ज्या घरात मुलाच्या पगारावर भाडं किंवा औषधं अवलंबून आहेत, त्या घराला मी हे ऐकवणार नाही. तिथे प्रश्न शिस्तीचा नाहीच, आणि शाळेने तिथे खरोखर वाकायला हवं: गृहपाठाची मुदत, सराव परीक्षेची दुसरी संधी, फीची मदत. पण तो फिरणारा मजकूर अशा मुलांसाठी लिहिलेला नाही. तो लिहिलाय, हातखर्चासाठी काम करणाऱ्या मुलांच्या पालकांना निर्धास्त करण्यासाठी.

त्या पालकांनी एवढं करावं. काम सुरू होण्याआधीच तास आणि सुटायची वेळ मालकाकडून लिहून घ्यावी. परीक्षांचं वेळापत्रक, सराव परीक्षा आणि प्रात्यक्षिकांसकट, हाती येताच त्याला द्यावं. परीक्षेच्या दोन-तीन महिने आधीपासूनच तास उतरवावेत, शेवटच्या आठवड्यात नव्हे. आणि ठरल्यापेक्षा जास्त तासांसाठी बोलावणं आलं, तर नकाराचा फोन मुलाला करायला लावू नये, स्वतः करावा.