टोपी

"आवाज येतोय, चित्र नाही." गेल्या रविवारपासून हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय, की तेवढ्यांना माझ्या लग्नाचं आमंत्रणही गेलं नव्हतं.

टीव्ही वडिलांचा. १९७६ सालचा, कृष्णधवल, लाकडी पेटीतला. पुढे सरकती दारं आणि दारांना कुलूप. परीक्षा आली की किल्ली वडिलांच्या जानव्याला जायची. सेट-टॉप बॉक्स आणि जुन्या व्हिडिओ गेमचा मॉड्युलेटर (बॉक्सचं चित्र जुन्या टीव्हीला कळेल असं करणारी डबी) जोडून मी तो अजून चालता ठेवलाय. रविवारी बातम्या लावल्या, तर निवेदिका काळोखातूनच बोलायला लागली. पूर्वी निदान 'व्यत्यय' अशी पाटी तरी लागायची.

पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेलो. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "व्हॉल्व्ह आहे का?"

"पाण्याचे पलीकडे, हार्डवेअरवाल्याकडे."

"टीव्हीचा हवाय. जुन्या टीव्हीतला, काचेचा, दिव्यासारखा पेटणारा."

आता त्याने मोबाइलमधून मान वर केली. असा गिऱ्हाईक अजून हिंडतोफिरतो, हे त्याला बघायचं होतं. "काका, नवा घ्या ना. हप्त्यावर." हल्ली दुरुस्ती म्हणजे एवढंच. मिक्सर बिघडला, नवा घ्या. छत्रीची काडी मोडली, नवी घ्या. माझा गुडघा दुखतो म्हटल्यावर डॉक्टरही तेच म्हणाले.

शेवटी चार ठिकाणी विचारून एक जुने मेकॅनिक मिळाले. वय अठ्ठ्याहत्तर, घरी येण्याचे सातशे रुपये, जिने चढायचे नाहीत. आम्ही तळमजल्यावर, म्हणून जमलं. पण त्यांच्या मागोमाग आमचे चौथ्या मजल्यावरचे काकाही आत आले. बारा महिने माकडटोपी घालणारे.

"चित्र नाही ना? अँटेना हललीय."

"काका, अँटेना जोडलेलीच नाही. वायर कधीच कापलीय."

"तरी दिशा महत्त्वाची. सिंहगडावरून येतं ते."

"यायचं. १९७३ पासून यायचं. आता ते प्रक्षेपणच बंद झालंय."

"कोण म्हणतं?"

"दूरदर्शन."

"त्यांना काय कळतंय!" म्हणाले आणि गच्चीवर गेले. इतके मजले चढून. एरवी सोसायटीच्या मीटिंगला गुडघे दुखतात.

इकडे मेकॅनिकनी मागचा पत्रा काढला. आतले व्हॉल्व्ह निखाऱ्यांसारखे लाल. "माळ शाबूत आहे," ते म्हणाले. या व्हॉल्व्हच्या तारा दिवाळीच्या माळेसारख्या एकामागे एक जोडलेल्या असतात. एक गेला की सगळे विझतात. मग विचारलं, "शीळ ऐकू येते का?" चित्राच्या रेषा सेकंदाला १५,६२५ वेळा ओढल्या जातात, त्याची ती बारीक शीळ. मला येत नव्हती. त्यांनाही नव्हती. पण आमच्या वयाला ती चांगल्या टीव्हीचीही येत नाही. म्हणून नऊ वर्षांच्या नातीला बोलावलं. तिने कान लावला आणि म्हणाली, "काहीच नाही."

तेवढ्यात गच्चीवरून गर्जना. "आलं काऽऽ?"

मी खिडकीतून, "नाही!"

"आता आलं काऽऽ?"

"नाही आलं!"

तिसऱ्या मजल्यावर नळ उघडल्याचा आवाज झाला. मग बादल्यांचा. आमच्याकडे गेले चार दिवस पाण्याची बोंब, त्यामुळे या सोसायटीत 'आलं का' या प्रश्नाला एकच अर्थ उरलाय. कुणी वॉचमनला हाक मारली, कुणी टँकरवाल्याला फोन लावला. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "पाणी नव्हे, चित्र!" तर समोरच्या इमारतीतून कुणीतरी विचारलं, "कुणाचं?"

मेकॅनिकनी टीव्ही बंद केला. जाड वायर बांधलेला स्क्रू ड्रायव्हर पिक्चर ट्यूबच्या रबरी बुचाखाली सरकवला. बंद केल्यावरही तिथे हजारो व्होल्ट दबा धरून बसतात. ठिणगी उडायला हवी. उडाली नाही. "ट्यूबला दाबच पोचत नाहीये," ते पुटपुटले आणि टॉर्च मारला. रेषा ओढणाऱ्या मोठ्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर एक धातूची टोपी असते. तिच्या वाटेनेच पुढे पिक्चर ट्यूबचे पंधरा-सोळा हजार व्होल्ट तयार होतात. ती टोपी निघून शेजारी लोंबत होती. आवाजाचा संसार वेगळा, म्हणून तो सुखात.

"कुणी हात घातला होता का आत?"

"छे," मी म्हणालो. शनिवारी ब्रशने धूळ मीच झटकली होती. ही माहिती घरात अजून कुणाला नाही.

त्यांनी टोपी दाबून बसवली. दोन सेकंदांचं काम, सातशे रुपये. व्हॉल्व्हला घातली का मला, हे अजून ठरत नाहीये.

व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो. नातीने एकदम कानांवर हात ठेवले, "आजोबा, किंचाळतोय तो!" पडदा उजळला, निवेदिका उमटली आणि नेमक्या त्याच क्षणी वरून आवाज आला, "आता?"

मी गप्प राहणार होतो. नात राहिली नाही. "आलंऽऽ!"

काका माकडटोपी सावरत खाली आले. मेकॅनिकना म्हणाले, "तुम्ही इथे खोलून बसलात. दोष वर होता."

मेकॅनिकनी सातशे मोजून खिशात घातले. "असेल," म्हणाले.

असेल? पावती मागितली असती तर बरं झालं असतं.

आता रोज सात वाजता काका माझ्या खुर्चीत येऊन बसतात. चित्र जरा हललं की छताकडे बघतात, आणि बायको त्यांना चहा देते. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मात्र माझ्याशी बोलत नाहीत. त्या 'आलंऽऽ'नंतर त्यांनी टँकर रद्द केला होता.