‘साइटवर पोहोच मोफत’ यासंबंधीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार सर,

आपण दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर मी काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला. ‘साइटवर पोहोच मोफत असे लिहून देतात, माल गल्लीच्या तोंडाशी उतरवतात आणि तिसऱ्या मजल्यासाठी ४,८०० रुपये हमाली घेतात, ही सरळ फसवणूक आहे,’ असे आपण लिहिले आहे. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मी दिलगीर आहे. गाडी निघण्यापूर्वी हमालीचा आकडा फोनवर सांगायला हवा होता. तो सांगितला गेला नाही, ही चूक आमचीच.

‘फसवणूक’ हा शब्द मात्र सोसवत नाही. वडिलांनी सुरू केलेल्या या टाइल्सच्या दुकानात आजवर कोणी तो उच्चारलेला नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आमच्या कोटेशनच्या मागील पानावर सातव्या क्रमांकाची अट अशी आहे : ‘साइट म्हणजे ग्राहकाने दिलेल्या पत्त्यालगतची अशी जागा, जेथपर्यंत मालवाहू गाडी सुरक्षितपणे जाऊ शकते, तेथून पुढची ने-आण व मजल्यावर चढवणे यांचा खर्च वेगळा.’ आपली वास्तू पेठेतील जुन्या गल्लीत आहे. दोन्ही बाजूंना दुचाकी लावलेल्या असताना त्या गल्लीत हातगाडीसुद्धा तिरकी करून न्यावी लागते, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता.

आपण म्हणता की साइट म्हणजे काम चालू आहे ती खोली. बोलण्यात हा शब्द आपण सगळेच सैल वापरतो. ‘साइटवर आहे’ असे सांगणारा गवंडी स्लॅबवर असू शकतो किंवा समोरच्या चहाच्या टपरीवरही. करारात मात्र या शब्दाला सर्वत्र लागू होईल असा एकच ठरलेला अर्थ नसतो, तो ज्या-त्या कागदात लिहावा लागतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटांतील सर्वसाधारण अटींमध्ये साइटच्या व्याख्येत प्रत्यक्ष कामाच्या जमिनीबरोबर त्या कामासाठी नेमून दिलेली किंवा वापरली जाणारी लगतची जमीन, वाट आणि रस्ताही येतो. तो अर्थ धरला तर गल्लीचे तोंडदेखील साइटच ठरेल. प्रामाणिकपणे हेही सांगतो की फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नमुना करारात कायमस्वरूपी काम जेथे व्हायचे आणि साहित्य जेथे पोहोचवायचे त्या जागांना साइट म्हटले आहे, आणि तेथे आमची बाजू थोडी लंगडी पडते. माल विक्री अधिनियम, १९३० चे कलम ३६ पाहिले तर माल विक्रेत्याने पाठवायचा की खरेदीदाराने येऊन न्यायचा, हे करारावर अवलंबून असते. करारात काहीच नसेल, तर विक्रीच्या वेळी माल जेथे असेल तेथेच तो ताब्यात द्यायचा असतो. म्हणजे आमच्या गोदामातच. गोदामापासून आपल्या गल्लीपर्यंतचे भाडे आम्ही सोसले, त्याचा उल्लेख आपल्या अभिप्रायात कोठेही नाही.

आता पैशांविषयी. आपला माल ६४ बॉक्स होता. ६०० बाय १२०० मिलिमीटरच्या दोन टाइल्सचा एक बॉक्स साधारण ३० किलो भरतो, म्हणजे एकूण वजन दोन टनांच्या जवळपास. लिफ्ट नसल्याने प्रत्येक बॉक्स खांद्यावरून गेला. जिन्याच्या वळणावर कोपरा आपटू नये म्हणून एक जण खालून हात लावत होता. एकही टाइल फुटली नाही. बॉक्समागे ७५ रुपये घेतले, ते हमालांनाच मिळाले, दुकानाच्या गल्ल्यात त्यातला एक रुपयाही आला नाही. शिवाय ठरलेली वेळ सकाळी दहाची असताना आपण सव्वा वाजता आलात, आणि तोवर गाडी, चालक व चार माणसे उन्हात खोळंबून होती. माल वाजवी वेळी पोहोचवावा अशी कायद्याची आमच्याकडून अपेक्षा असते; तो घ्यायला समोर कोणी असावे, एवढीच आमची अपेक्षा होती. खोळंब्याचे पैसे आम्ही लावलेले नाहीत.

आमच्या परिचयाच्या वकिलांना मी कोटेशन दाखवले. त्यांनी पहिल्यांदा कागद डोळ्यांजवळ धरला आणि मग म्हणाले की अट आहे, पण ती वाचायला भिंग लागेल. शब्द संदिग्ध असेल तर न्यायालय सहसा तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचते आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये एकतर्फी, अनुचित करारांविरुद्ध दाद मागण्याची सोयही आहे. समोरच्या पानावर ‘मोफत’ ठळक आणि मागच्या पानावर ‘साइट’ बारीक, हे मलाही आता खटकते. आपली सही समोरच्या पानावर आहे, हेही मान्य. तरीही बारीक छापणे आणि फसवणे यांत फरक आहे, असे मी नम्रपणे म्हणेन.

पुढच्या छपाईत ही अट समोर घेण्याचा विचार आहे. तोपर्यंत ‘तळमजला, गाडी जाईल तेथपर्यंत’ असा शिक्का मारला जाईल. हमालीबाबत आपण दुकानात आलात तर काहीतरी मार्ग निघेल. आपल्याकडे उरलेले दोन बॉक्स पूर्ण किमतीला परत घेऊ. ते तिसऱ्या मजल्यावरून खाली आणण्याची व्यवस्था मात्र आपल्याकडून व्हावी.

आपला,
दुकानाचा मालक