सीबीआयकडे दिलं म्हणजे नक्की काय दिलं?

राज्यात एखादा खून गाजला, घोटाळा उघडकीस आला, की दोन-चार दिवसांत मोर्चा निघतो आणि फलकावर ठरलेली मागणी असते: तपास सीबीआयकडे द्या. मागणारे कळवळून मागतात, त्यांच्या दुःखाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण या मागणीतून हाती काय पडतं, हे आपण कधी नीट बघतच नाही. म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

सीबीआय ही संसदेने स्वतंत्र कायदा करून उभी केलेली संस्था नाही. १ एप्रिल १९६३ ला केंद्रीय गृह मंत्रालयाच्या एका ठरावाने ती सुरू झाली. तपासाचे आणि अटकेचे अधिकार ती वापरते ते दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्याखाली, आणि तो कायदा १९४६ चा. त्याचंही मूळ महायुद्धाच्या काळातल्या सरकारी खरेदीतली लाचखोरी पकडायला १९४१ मध्ये नेमलेल्या पथकात आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये गुवाहाटी हायकोर्टाने ही संस्थाच बेकायदा ठरवली होती. तीन दिवसांत सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणून काम थांबलं नाही. देशातल्या सगळ्यात मोठ्या तपास यंत्रणेचा पाया इतका कच्चा असावा, याचा मला खरंच संताप येतो.

त्याच कायद्याचं कलम ६ सांगतं की राज्याच्या संमतीशिवाय सीबीआयला त्या राज्यात तपास करता येत नाही. महाराष्ट्राने ही सरसकट संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली. सरकार बदललं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती परत दिली. मधल्या काळात या कलमाचं एक अक्षरही बदललं नव्हतं. हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टाने आदेश दिला तर मात्र संमती लागत नाही. म्हणून तर पीडितांची कुटुंबं थेट कोर्टाची पायरी चढतात.

आणि तपासाला येतं कोण? वरचे बहुतेक अधिकारी आयपीएस, वेगवेगळ्या राज्यांच्या केडरमधून प्रतिनियुक्तीवर आलेले. मुदत संपली की आपापल्या राज्यात परत. म्हणजे ज्या पोलिसांवर आपला विश्वास उरला नाही म्हणून आपण सीबीआय मागतो, त्याच पोलीस दलांतून ही माणसं आलेली असतात.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाचा तपास बघा. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात, ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. पुणे पोलिसांच्या हाती फारसं काही लागेना, म्हणून २०१४ मध्ये हायकोर्टाने तपास सीबीआयकडे दिला. सीबीआयने पहिली अटक करायला जून २०१६ उजाडला. त्या वर्षीच्या आरोपपत्रात गोळ्या झाडणारे म्हणून दोन फरार माणसांची नावं होती. २०१८ मध्ये तीच सीबीआय म्हणाली की गोळ्या झाडणारे वेगळेच दोघे आहेत. हे दोघे हाती लागले ते कर्नाटकच्या एसआयटीने, म्हणजे विशेष तपास पथकाने, पत्रकार गौरी लंकेश यांच्या खुनाचा धागा चिकाटीने ओढला आणि आपल्या दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) नालासोपाऱ्याच्या शस्त्रसाठ्याच्या प्रकरणात धरपकड केली म्हणून. दोन्ही राज्यांचेच पोलीस! या गोष्टीची आपल्याकडे पुरेशी दखलच घेतली गेली नाही.

आरोपनिश्चिती, म्हणजे कोर्टात आरोप ठेवणं, सप्टेंबर २०२१ मध्ये झाली. त्यानंतर, म्हणजे घटनेला आठ वर्षं उलटून गेल्यावर, त्या सकाळी तिथे कामावर असलेल्या महापालिकेच्या सफाई कामगाराने कोर्टात उभं राहून दोघांना ओळखलं. एवढ्या वर्षांनी, एवढ्या दडपणाखाली, साधा माणूस आपल्या शब्दावर ठाम राहतो, याचं मोल फार मोठं आहे. १० मे २०२४ ला त्या दोघांना जन्मठेप झाली, बाकीचे तिघे आरोपी सुटले. खरे सूत्रधार वेगळेच आहेत आणि त्यांना शोधण्यात पुणे पोलीस आणि सीबीआय दोघेही कमी पडले, असं निकालात स्पष्ट म्हटलंय. हे अपयश आहे की कुणाच्या दबावाखाली केलेली टाळाटाळ, याचा विचार त्यांनीच करावा, असंही.

सीबीआय निरुपयोगी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत पहिला तपास मुंबई पोलिसांनी झपाट्याने केला आणि पुढचा सीबीआयने वर्षानुवर्षं रेटला. त्यातला आरोपी अबू सालेम याला २००५ मध्ये पोर्तुगालहून आणलं गेलं. असं काम एखाद्या पोलीस ठाण्याच्या आवाक्यातलं नाही. परदेशात पसरलेले धागे, इंटरपोलशी व्यवहार, बँकांचे मोठे घोटाळे, केंद्राच्या अधिकाऱ्यांची लाचखोरी, इथे अशी यंत्रणा हवीच.

पण खुनाच्या तपासात पहिले दोन दिवस हातचे गेले तर ते कुणालाच परत आणता येत नाहीत. पंचनामा धड झाला का, रक्ताचे नमुने सीलबंद झाले का, आसपासच्या दुकानांचं सीसीटीव्ही चित्रण पुसलं जायच्या आत ताब्यात घेतलं का, हे सगळं स्थानिक ठाण्याच्या फौजदाराच्या हातात असतं. बंदोबस्तातून मोकळा नसलेला, एका वेळी ढीगभर गुन्हे सांभाळणारा तो माणूस. वर्षभराने दिल्लीहून कागदपत्रं मागवणाऱ्याला त्याने जे जपलं तेवढंच मिळतं. तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, असं सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं होतं. आपल्या मोर्चांच्या फलकांवर ही मागणी मी अजून पाहिलेली नाही.

सीबीआयसाठी वेगळा कायदा करा, ही शिफारस १९७८ च्या एल. पी. सिंह समितीपासून होत आली आहे, संसदेच्या स्थायी समितीनेही केली आहे. मे २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने या संस्थेला पिंजऱ्यातला पोपट म्हटलं तेव्हा सगळ्या विरोधी पक्षांनी बाकं वाजवली. त्यातले बरेच जण पुढच्याच वर्षी सत्तेत आले आणि कायदा आहे तिथेच राहिला. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. तुमच्या मतदारसंघातला जो असेल त्याला पुढच्या भेटीत हे विचारा, आणि काय उत्तर दिलं ते कमेंटमध्ये नक्की लिहा.