गोचीड चावल्यावर लाइमची चाचणी करावी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कुत्र्यांच्या गोचिडींवरील माझ्या लेखाबद्दल आपण लिहिलेली कडक प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपला आक्षेप असा की, अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात राहणाऱ्या आपल्या मुलाला गोचीड चावली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी, गोचिडीतून पसरणाऱ्या लाइम रोगावरचे प्रतिबंधक औषध दिले, आणि मी मात्र वडोदऱ्यात बसून ‘काढून टाका आणि विसरून जा’ असा बेजबाबदार सल्ला देतो. आपल्याला घरच्या कुत्रीची गोचीड चावल्यावर आपण चौथ्या दिवशी खासगी प्रयोगशाळेत लाइमची चाचणी करून घेतली, ती निगेटिव्ह आली आणि तेव्हा कुठे जिवात जीव आला, असेही आपण कळवले आहे.

‘विसरून जा’ हे शब्द चुकले, हे आधीच कबूल करतो. मात्र ते लाइममुळे चुकले नाहीत. मी निवृत्त पशुवैद्य आहे, माणसांचा डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांचा शेवटचा शब्द माझा नसावा. पण गोचिडींशी माझा संबंध नोकरीभर आला आहे.

आपल्या मुलाच्या डॉक्टरांनी योग्यच केले. या रोगाला ज्या गावाचे नाव मिळाले ते लाइम त्याच कनेक्टिकटमध्ये आहे. १९७५च्या सुमारास तिथल्या मुलांमध्ये सांधे सुजण्याचे प्रकार एकाएकी वाढल्यावर शोध सुरू झाला आणि शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात जे मळसूत्री जंतू सापडले, त्यांना पुढे बोरेलिया बर्गडॉर्फेराय हे नाव मिळाले. हे जंतू वाहणारी गोचीड इक्सोडिस वंशाची असते, ती ओलसर पालापाचोळ्यात वाढते आणि लहान वयात उंदरांच्या रक्तावर जगताना जंतू उचलते. तिथला नियमही नेमका आहे : गोचीड इक्सोडिस असावी, भाग लाइमचा असावा, ती साधारण ३६ तास चिकटलेली असावी आणि ती काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची २०० मिलिग्रॅमची एकच मात्रा द्यावी. आपल्या कुत्रीच्या अंगावर, आणि वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींच्या फटींत, जी तपकिरी गोचीड असते, ती ऱ्हिपिसेफॅलस या वेगळ्या वंशाची. लाइम पसरवण्याचे काम तिच्याकडून होत नाही. भारतात लाइमचे तुरळक अहवाल आहेत, पण ते मुख्यतः हिमालयाच्या पट्ट्यातून, ईशान्येकडून आणि दक्षिणेतील जंगलभागातून आलेले आहेत.

आता आपल्या चाचणीविषयी, कारण खरी अडचण तिथे आहे. ही चाचणी जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती मोजण्याइतकी तयार व्हायला काही आठवडे जातात. म्हणजे आपल्याला समजा खरोखरच लाइमची लागण झाली असती, तरी चौथ्या दिवशीचा अहवाल बहुधा निगेटिव्हच आला असता. अमेरिकेतही सुरुवातीच्या दिवसांत डॉक्टर चाव्याभोवती पसरत जाणारा लाल चट्टा पाहून निदान करतात, रक्ताची वाट पाहत नाहीत. उलट अहवाल पॉझिटिव्ह आला असता तर? जिथे रोग जवळजवळ नाहीच, तिथे येणाऱ्या पॉझिटिव्ह अहवालांत खोटेच अधिक निघतात, कारण सिफिलिससारख्या दुसऱ्या मळसूत्री जंतूंची प्रतिपिंडेही कधी कधी या चाचणीला फसवतात. म्हणूनच पहिल्या चाचणीनंतर खातरजमेची दुसरी चाचणी करण्याची पद्धत आहे. थोडक्यात, आपण पैसे मोजून जो दिलासा घेतला, त्याला आधार नव्हता. (प्रयोगशाळेने ती चाचणी केली यात तिचा दोष नाही, मागणाऱ्याला तारखेचे महत्त्व कोणी सांगितले नाही, एवढेच.)

माझी चूक कुठे होती? तीच तपकिरी कुत्र्याची गोचीड इंडियन टिक टायफस नावाचा ताप देऊ शकते. चावल्यापासून साधारण आठवडाभरात जोराचा ताप, डोकेदुखी आणि तळहात-तळपायांपर्यंत पोहोचणारे पुरळ, क्वचित चाव्याच्या जागी काळी खपली, अशी त्याची लक्षणे असतात. पेनिसिलिनच्या जातीच्या गोळ्यांना हा ताप दाद देत नाही, डॉक्सिसायक्लिनला देतो. आणि गुरांची गोचीड, जिला आमच्याकडचे गुरे पाळणारे भरवाड इतरडी म्हणतात, तिच्यातली हायालोमा ही जात क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा विषाणू वाहते. भारतात त्याची पहिली निश्चित नोंद जानेवारी २०११मध्ये आपल्याच गुजरातेत, साणंद तालुक्यातील कोलाट गावच्या महिलेची झाली. ती दगावली आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही दगावल्या. या विषाणूने गाय-म्हैस आजारी दिसत नाही, त्यामुळे गोठ्यातल्या माणसाला इशारा मिळत नाही. एवढे माहीत असताना मी ‘विसरून जा’ लिहायला नको होते.

गोचीड काढायला रॉकेल ओतावे की पेटती काडी लावावी, या आपल्या प्रश्नाचे उत्तर : दोन्ही नको. डिवचलेली गोचीड पोटातले द्रव जखमेत ओकू शकते. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला त्वचेलगत धरावे, न पिळता सरळ वर ओढावे, जागा साबणाने धुवावी, आणि तिला नखाने चिरडू नये. आमच्या पिढीने गोठ्यात ती दगडावर ठेचण्यात मोठा आनंद मानला, तो सोडावा लागेल.

मूळ लेखातील ते वाक्य मी आज बदलले आहे. तिथे आता असे आहे : गोचीड काढल्याची तारीख आणि ती कुत्र्याची की गुरांची हे लिहून ठेवा, दोन आठवडे तापावर लक्ष ठेवा, आणि ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात गोचीड चावल्याचे सांगा. आपल्या चाव्याला असे किती दिवस झाले, ते कळवाल का?