हिऱ्यांची तुला आणि उधळपट्टीचा आरोप : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की 10 मार्च 1946 ला ब्रेबर्न स्टेडियमवर इस्माइली मुसलमानांचे इमाम, म्हणजे धर्मगुरू, तिसऱ्या आगाखानांची त्यांच्या इमामपदाच्या साठ वर्षांच्या डायमंड ज्युबिलीनिमित्त हिऱ्यांनी तुला झाली ती निव्वळ उधळपट्टी, लोक रेशनच्या रांगेत उभे होते, पंधरा-वीस दिवस आधीच मुंबईत नौसैनिकांचं बंड होऊन गोळीबार झालेला, आणि मी मात्र कौतुक करतोय. काळाबद्दल तुम्ही म्हणता ते सगळं खरंय, पण उधळपट्टी हा शब्द मला नाही पटत.

अहो, ते हिरे उसने आणलेले होते! साधारण 110 किलो वजन भरलं, तेवढ्या हिऱ्यांच्या किमतीची रक्कम अनुयायांनी इमामांना अर्पण केली आणि त्यांनी ती समाजाच्याच कामासाठी परत दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दार-ए-सलामलाही तुला झाली आणि पूर्व आफ्रिकेत डायमंड ज्युबिली इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट निघाला, म्हणजे घर बांधायला, धंदा टाकायला कमी व्याजाने कर्ज, ज्या छोट्या दुकानदाराला बँक दारात उभं करत नव्हती त्याला. आपल्या माझगावात डायमंड ज्युबिली हायस्कूल आजही चालू आहे, कधी त्या बाजूला गेलात तर बोर्ड बघा.

आता दुसरी डायमंड ज्युबिली आठवा, 1897 ची, व्हिक्टोरिया राणीची. पुण्यात प्लेग, बाहेर दुष्काळ, तपासणीच्या नावाखाली सोल्जर घराघरात घुसून माजघर, देवघर काही सोडत नव्हते, आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यावर रोषणाई न् मेजवानी. तिथून परतताना रँडवर चापेकरांनी गोळी झाडली. तुमचा राग तिथे शंभर टक्के लागू पडतो, कारण ज्यांच्या राज्यात तो सोहळा चालला होता त्या लोकांचं दुःख त्यात कुठेच नव्हतं.

हां, तुम्ही हे विचारलं असतंत की 1946 च्या पैशाचा फायदा इस्माइली समाजाबाहेर किती गेला, तर तो प्रश्न मला जास्त रास्त वाटला असता, कारण सुरुवातीला तो बराचसा त्या समाजाच्याच लोकांपुरता होता आणि त्यावर टीका व्हायलाच हवी. पण गरीब अनुयायाने दिलेला पैसा त्याच्याच पोराच्या शाळेत, त्याच्याच दुकानाच्या कर्जात परत आला, त्याला उधळपट्टी म्हणायला मी तयार नाही.