चुना, काव आणि नववीचा वर्ग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शाळेतल्या कावीच्या, म्हणजे चुन्यावरचा लाल थर खरवडून नक्षी काढायच्या गोव्याकडच्या जुन्या भित्तिकलेच्या वर्गावर मी लिहिलेल्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. देवळाच्या भिंतीवरची जुनी नक्षी मुलांकडून गिरवून घेणं ही कारागिरी झाली, कला नव्हे, असं तुमचं म्हणणं. त्यापेक्षा टॅबलेटवर चित्र काढायला शिकवा, चुन्यासारखा दाहक पदार्थ मुलांच्या हाती देऊ नका आणि दहावी तोंडावर असताना हे लाड कशाला, असंही तुम्ही विचारलंय.

आधी गिरवण्याचं बोलतो. फळ्यावर फुलदाणी काढायची आणि सगळ्या वर्गाने ती वहीत उतरवायची, याला चित्रकला म्हणू नये हे मला शंभर टक्के मान्य. पण कावीच्या वर्गात तसं होत नाही. मोरजीच्या मोरजाईच्या देवळातलं कावीकाम मी मुलांना दाखवतो ते पद्धत कळावी म्हणून. विषय त्यांचा त्यांनी निवडायचा. फेरीबोट, फुटबॉलचं मैदान, चिखलात बसलेली म्हैस, काहीही येतं.

आता काम कसं चालतं ते सांगतो, कारण माझं खरं उत्तर त्यातच आहे. कौलाचा तुकडा आधी पाण्यात चांगला भिजवायचा. कोरडा ठेवला तर तो गिलाव्यातलं पाणी शोषून घेतो आणि थराला भेगा पडतात. त्यावर चुना आणि बारीक रेतीचा पांढरा थर, त्यावर चुन्यात कालवलेल्या लाल कावेचा पातळ थर. तो ओलसर असतानाच टोकदार लोखंडी सळीने लाल खरवडायचं की खालचं पांढरं उघडं पडतं. रंग दोनच आणि खोडरबर नाही. थरातलं पाणी सुकत जातं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे फार वेळ रेंगाळताही येत नाही.

फेरीबोट काढणारी एक मुलगी पाण्यापाशी येऊन अडली. मांडवीचं पाणी लाल ठेवायचं की पांढरं? सगळं खरवडलं तर पांढऱ्या बोटीची कड पाण्यात हरवणार. सगळं लाल ठेवलं तर पाणी आणि जमीन सारखीच दिसणार. तिने बराच वेळ सळी हातात नुसती धरून ठेवली. मग बोटीच्या कडेला लाल पट्टा राखला आणि त्यापलीकडे आडव्या, तुटक रेघा ओढल्या. हा निर्णय देवळाच्या कुठल्याही भिंतीवर लिहिलेला नव्हता, मीही सुचवला नव्हता. तुम्ही जिला कल्पकता म्हणता ती हीच, आणि चुन्याने तिला ती वापरायला भाग पाडलं.

टॅबलेटला माझा विरोध नाही, मुलं तो घरी वापरतातच. पण तिथे चुकलेली रेघ एका बोटाने मागे घेता येते, त्यामुळे ओढण्याआधी थांबून विचार करायची गरजच पडत नाही. ती सवय लागावी म्हणून मला माती, चुना, लाकूड हवं आहे.

आणखी एक सांगतो. दिवाळीच्या आदल्या रात्री आपल्या वाड्यावाड्यांवर नरकासुराचे पुतळे उभे राहतात ते कोण करतं? हीच मुलं. बांबूचा आणि पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर गवत, वर कागदाचे थर, आणि एवढा उंच देह तोल न जाता उभा राहील असे पाय. चित्रकलेच्या वहीत ज्याला जेमतेम पास होण्यापुरते गुण मिळतात, असा मुलगा तिथे मुखवट्याच्या भुवया कशा वळवल्या म्हणजे राग दिसेल हे इतरांना समजावून सांगत असतो. त्याची ही समज शाळेला दिसत नाही, कारण शाळा त्याच्या हातात फक्त पेन्सिल देते. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

चुन्याबद्दलची तुमची काळजी रास्त आहे. कळीचा चुना विरवताना उकळल्यासारखा तापतो, ते काम मुलांकडे कधीच नसतं. त्यांच्यासमोर येतो तो आधीच विरवून मुरवलेला चुना. तोही डोळ्यांना आणि त्वचेला अपाय करतोच, म्हणून हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय सळी मिळत नाही आणि पाण्याची बादली शेजारी असते. एवढी तयारी करता येत नसेल तर त्या शाळेने कावीला हात घालू नये. चिकणमातीने सुरुवात करावी, गणपतीच्या चवथीच्या दिवसांत ती गावोगाव मिळते.

राहिली दहावी. पणजीच्या अल्तिनोवर 1972 पासून कला महाविद्यालय आहे, पण माझी बहुतेक मुलं तिकडे जाणार नाहीत, आणि मी त्यासाठी शिकवतही नाही. वेळ म्हणाल तर चित्रकलेचा तास वेळापत्रकात आधीपासूनच आहे, गणित-विज्ञानातून मी काहीही कापून घेत नाही. तुमची मुलगी नववीत आहे असं तुम्ही लिहिलंय. तिला एकदा विचारून बघा, तिचा चित्रकलेचा तास दर आठवड्याला खरंच होतो, की परीक्षा जवळ आली की दुसऱ्याच विषयाला जातो? जात असेल तर पुढच्या पालकसभेत तेवढा एक प्रश्न नक्की मांडा.