म्हणे सुईण कशाला हवी!

आज डोकं जाम फिरलंय. भाचीला बघायला हॉस्पिटलात गेले होते, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण बाहेर बाकड्यावर एक काका सगळ्यांना ऐकवत होते, "आता कसली सुईण नि काय, ते खेड्यातलं अडाणी काम." तिथे गप्प बसले. इथे नाही बसणार.

माझ्या पहिल्या वेळी, १९९८ साली, माहेरी रात्री दोनला कळा सुरू झाल्या आणि उपकेंद्रातल्या सिस्टर उजाडेपर्यंत माझ्याजवळून हलल्या नाहीत. कंबर चोळत होत्या, मधेच बाळाचे ठोके ऐकत होत्या, ऊठ गं, चार पावलं चाल, पडून राहू नकोस. मी त्यांच्या दंडात नखं रुतवली, हूं की चूं नाही.

आणि आमची पोर? चौदा तास लेबर रूममध्ये. सलाईन होतं, मशीन होतं, पोटाला पट्टा होता, जवळ माणूस नाही! आईला आत सोडलं नाही, ओरडली तर वर "तेव्हा नाही का कळलं" हे ऐकवलं. शेवटी सिझर. असेल गरज, मी काय डॉक्टर नाही. पण देशभरात खाजगीतली जवळजवळ निम्मी बाळंतपणं सिझरने होतात, सगळ्याच अडतात का हो?

बरं, अडली की डॉक्टरच लागतो, मान्य. माझी थोरली आत्या घरीच गेली, वार पडली नाही, रक्त थांबेना. त्यामुळे जुन्या काळाचे गोडवे मला सांगूच नका. मी शिकलेल्या सुईणीबद्दल बोलतेय. इंग्लंडात सरळ बाळंतपणं मिडवाइफच करतात, डॉक्टरला गुंतागुंत असली तर बोलावतात. आपल्या सरकारनेही २०१८ मध्ये ठरवलंय, नर्सना १८ महिन्यांचं वेगळं ट्रेनिंग देऊन मिडवाइफ करायचं. तुमच्यापैकी किती जणींना माहितीये? मलाही मैत्रिणीची लेक नर्सिंगला आहे म्हणून कळलं.

जाऊ दे. लिहिता लिहिता राग उतरला, सिस्टरच डोळ्यासमोर येतायत. सव्वा महिन्याने लेकीला घेऊन पेढे द्यायला गेले, तर त्या दुसऱ्या एकीची कंबर चोळत बसलेल्या. मानेनेच म्हणाल्या, ठेव तिथे टेबलावर.